विश्लेषण : गडगडाटी ढगांतून गॅमा किरण कसे बाहेर पडतात? विजेशी त्यांचे नेमके नाते काय?

गॅमा किरण म्हटले की अणुबॉम्ब, अणुभट्टी, कर्करोगावरील उपचार किंवा दूर अंतराळात फुटणारे तारे आठवतात. वळवाच्या पावसात कडाडणारा ढग काही डोळ्यांसमोर येत नाही. पण गेल्या तीन दशकांतील निरीक्षणांनी हे सिद्ध केले आहे की, आपल्या डोक्यावरचे गडगडाटी ढगही गॅमा किरण बाहेर टाकतात. काही वेळा हा स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपतो, तर काही ढग मिनिटेच्या मिनिटे मंदपणे ‘तेवत’ राहतात. ‘नासा’च्या विमानातून २०२३ मध्ये झालेली निरीक्षणे आणि जपानमधील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेली नोंद यांमुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. कारण त्यातून वीज मुळात पेटते कशी, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

हा प्रकार नेमका काय आहे?

गडगडाटी ढगांतून येणाऱ्या गॅमा किरणांचे आता तीन प्रकार मानले जातात. पहिला ‘टेरेस्ट्रियल गॅमा-रे फ्लॅश’ म्हणजे टीजीएफ. हा अतिशय तीव्र आणि अतिशय छोटा झोत असतो. तो साधारण काही दहा ते काही शे मायक्रोसेकंद टिकतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. डोळ्यांची पापणी लवायला यापेक्षा शेकडो पट वेळ लागतो.

दुसरा प्रकार ‘गॅमा-रे ग्लो’ म्हणजे गॅमा दीप्ती. ती कितीतरी मंद असते, पण काही सेकंदांपासून अनेक मिनिटांपर्यंत चालू राहते. तिसरा प्रकार अलीकडेच सापडला आहे. त्याला ‘फ्लिकरिंग गॅमा-रे फ्लॅश’ म्हणजे लुकलुकणारे गॅमा झोत असे नाव देण्यात आले आहे. ते २० ते २५० मिलिसेकंद टिकतात. म्हणजे पहिल्या दोन प्रकारांच्या मधली कडी.

या किरणांची ऊर्जा किती असते?

दृश्य प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढताना वापरल्या जाणाऱ्या किरणांची ऊर्जा काही दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. टीजीएफमधील फोटॉन दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही पुढे जातात. म्हणजे एक्स-रेच्या तुलनेत शेकडो पट.

एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्टचा विद्युतदाब ओलांडला की त्याला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यामुळे कोट्यवधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण ढगातून येत असतील, तर ढगात कुठेतरी कोट्यवधी व्होल्टचा दाब तयार होत असला पाहिजे, हे उघड आहे. पुढची सगळी चर्चा या एका हिशेबाभोवती फिरते.

शोध कसा लागला?

योगायोगाने. ‘नासा’ने एप्रिल १९९१ मध्ये कॉम्प्टन गॅमा-रे वेधशाळा अवकाशात पाठवली. तिच्यावरील ‘बॅट्सी’ या उपकरणाचे काम होते विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणारे गॅमा किरणांचे स्फोट टिपणे. मात्र काही स्फोट आकाशाच्या बाजूने नव्हे, तर खालून, पृथ्वीच्या दिशेने येत असल्याचे लक्षात आले. ज्या वेळी हे स्फोट झाले, त्या वेळी उपग्रहाच्या खालच्या भागात गडगडाटी वादळे होती. जेराल्ड फिशमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध केली.

सुरुवातीला अंदाज असा होता की, हे किरण ३० किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर तयार होत असावेत. त्याला कारणही होते. गॅमा किरण हवेत शोषले जातात. खालच्या दाट हवेतून ते अवकाशापर्यंत पोहोचणार कसे, असा प्रश्न होता. पुढे ‘नासा’च्या ‘रेसी’ या उपग्रहाने अधिक बारकाईने मोजमाप केले. हा उपग्रह खरे तर सूर्याच्या अभ्यासासाठी होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नोंदींनुसार हे किरण दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोहोचतात आणि जगभरात दररोज असे सुमारे ५० झोत तयार होत असावेत. किरणांच्या ऊर्जेच्या विश्लेषणातून ते १५ ते २१ किलोमीटर उंचीवरून येत असल्याचे दिसले. म्हणजे उगम वातावरणाच्या वरच्या थरात नव्हे, तर उष्णकटिबंधातील उंच ढगांच्या माथ्याजवळ होता. नंतरच्या अभ्यासांत ही उंची आणखी खाली आली आणि स्रोत ढगाच्या आतच असल्याचे स्पष्ट झाले.

ढगात गॅमा किरण तयार कसे होतात?

गडगडाटी ढगात जोरदार वर जाणाऱ्या हवेबरोबर बर्फाचे बारीक स्फटिक आणि जड गारगोळे एकमेकांवर आदळतात. त्यातून विद्युतभार वेगळे होतात. साधारणपणे ढगाच्या माथ्याशी धन आणि मध्यभागी ऋण भार साठतो. या दोन थरांमध्ये तीव्र विद्युतक्षेत्र तयार होते.

अशा क्षेत्रात एखादा इलेक्ट्रॉन सापडला तर तो धावू लागतो. पण हवेतील रेणूंशी सतत टक्कर होऊन त्याचा वेग कमी होत राहतो. गर्दीच्या लोकल फलाटावर धावण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था होते. मात्र येथे एक विलक्षण गोष्ट घडते. इलेक्ट्रॉन आधीपासूनच खूप वेगवान असेल, तर हवेचा अडथळा वाढण्याऐवजी कमी होतो. रेणूंजवळून तो इतक्या झटकन जातो की टक्करींत गमावलेली ऊर्जा कमी आणि विद्युतक्षेत्राकडून मिळालेली ऊर्जा जास्त, असा हिशेब होतो. मग त्याला रोखणारे काही उरत नाही. तो प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतो.

या ‘सुसाट’ इलेक्ट्रॉनची कल्पना स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ मध्येच मांडली होती. क्लाउड चेंबरच्या शोधासाठी १९२७ चे नोबेल मिळवणारे हेच ते विल्सन. सुसाट इलेक्ट्रॉन वाटेत रेणूंमधून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो, त्यांतले काही पुन्हा सुसाट सुटतात आणि बघता बघता इलेक्ट्रॉनचा लोंढा तयार होतो. हे इलेक्ट्रॉन हवेतील अणुकेंद्रकांजवळून जाताना वळतात, मंदावतात आणि गमावलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपात बाहेर टाकतात. एक्स-रे यंत्राच्या नळीतही तत्त्वतः हेच घडते. फरक इतकाच की येथे नळीच्या जागी काही किलोमीटरचा ढग असतो.

पहिला वेगवान इलेक्ट्रॉन येतो कुठून?

अंतराळातून पृथ्वीवर सतत वैश्विक किरणांचा मारा होत असतो. हे किरण वातावरणात शिरले की कणांचा वर्षाव होतो. त्यांत वेगवान इलेक्ट्रॉनही असतात. ते बियाण्याचे काम करतात. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही मांडणी केली होती.

पण हिशेब केल्यावर लक्षात आले की, केवळ या बियाण्यांवर टीजीएफची तीव्रता सिद्ध होत नाही. एका टीजीएफमध्ये सुसाट इलेक्ट्रॉनची संख्या एकावर १७ शून्ये किंवा त्याहून अधिक इतकी प्रचंड असते. ती गाठण्यासाठी दोन मुख्य शक्यता मांडल्या गेल्या. पहिली शक्यता जोसेफ ड्वायर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुचवली. लोंढ्यात तयार झालेले पॉझिट्रॉन आणि उलटे फिरलेले किरण पुन्हा लोंढ्याच्या सुरुवातीला पोहोचतात व नवा लोंढा सुरू करतात. माइक आणि स्पीकर जवळ आले की आवाज फिरून फिरून कर्कश होत जातो, तसे हे चक्र. दुसरी शक्यता अशी की, विजेच्या पुढे सरकणाऱ्या टोकाशी विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की तेथील साधे, संथ इलेक्ट्रॉनही एका झटक्यात सुसाट सुटतात. दोन्ही प्रक्रिया एकत्र घडत असण्याचीही शक्यता आहे.

वीज पेटते कशी, हे कोडे का आहे?

वीज म्हणजे मोठी ठिणगी, असे शाळेत शिकवले जाते. ते बरोबर आहे. पण समुद्रसपाटीला हवेत ठिणगी पडण्यासाठी दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र लागते. उंचावर हवा विरळ असल्याने हा आकडा कमी होतो, तरीही तो मोठाच राहतो. फुगे आणि विमाने ढगात पाठवून मोजमाप केले असता आढळणारे क्षेत्र मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. मग एवढ्या कमी क्षेत्रात वीज पेटतेच कशी?

सुसाट इलेक्ट्रॉनचा लोंढा सुरू होण्यासाठी समुद्रसपाटीच्या हवेत दर मीटरला सुमारे २.८ लाख व्होल्ट पुरेसे असतात. म्हणजे ठिणगीच्या गरजेच्या जवळपास एक दशांश. ढगात प्रत्यक्ष मोजले गेलेले क्षेत्रही याच पातळीच्या आसपास असते. हा योगायोग नसावा, असे अनेक संशोधकांना वाटते. बर्फाच्या कणांच्या टोकांशी क्षेत्र तीव्र होऊन ठिणगी पेटत असावी, असा दुसरा विचारप्रवाहही तितकाच जुना आहे.

आधी वीज की आधी गॅमा किरण?

या प्रश्नाचे उत्तर किरणांच्या प्रकारानुसार बदलते.

टीजीएफच्या बाबतीत विजेची सुरुवात आधी झालेली असते. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘असीम’ हे उपकरण एप्रिल २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे रवाना झाले. त्यात गॅमा किरण आणि प्रकाश एकाच वेळी टिपण्याची सोय आहे. त्याच्या नोंदींवरून डेन्मार्कचे टॉर्स्टन न्यूबर्ट आणि सहकाऱ्यांनी घटनांचा क्रम लावला. आधी ढगाच्या आत विजेची वाट तयार करणारी शाखा पुढे सरकू लागते. तिला शास्त्रज्ञ ‘लीडर’ म्हणतात. मग गॅमा झोत येतो आणि त्याला लागूनच विद्युतप्रवाहाचा मोठा झटका बसतो, ज्याचा प्रकाश वरून दिसतो. म्हणजे टीजीएफ हा विजेच्या जन्मप्रक्रियेतील एक टप्पा ठरतो. आपल्याला दिसणाऱ्या लखलखाटाच्या तो किंचित आधी येतो.

जपानमधील ताजी नोंद हा क्रम आणखी नेमका करते. कानाझावा शहरात ३० जानेवारी २०२३ रोजी एका मनोऱ्यावर वीज पडली. ढगातून खाली येणारी लीडर आणि मनोऱ्यावरून वर जाणारी लीडर हवेत एकमेकींना भिडल्या. ओसाका विद्यापीठाचे युकी वाडा आणि सहकाऱ्यांनी मे २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये लिहिल्यानुसार पहिला गॅमा किरण या भेटीच्या ३१ मायक्रोसेकंद आधी नोंदला गेला. दोन टोके जवळ येताना मधल्या छोट्या फटीत विद्युतक्षेत्र प्रचंड तीव्र झाले आणि इलेक्ट्रॉन सुसाट सुटले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

गॅमा दीप्तीची गोष्ट मात्र उलटी आहे. ती वीज पडण्याच्या आधीपासून चालू असते आणि अनेकदा वीज चमकताच विझते. ढगात साठलेला भार विजेने रिकामा केला की लोंढ्याला लागणारे क्षेत्रच उरत नाही, हे त्याचे सरळ कारण आहे.

‘नासा’च्या विमानाने काय पाहिले?

उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांना फक्त सर्वांत तीव्र झोत दिसतात. हे लक्षात घेऊन जुलै २०२३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठ आणि ‘नासा’ यांनी ‘अलॉफ्ट’ मोहीम राबवली. सुमारे २० किलोमीटर उंचीवरून उडणारे ‘ईआर-२’ हे विमान कॅरेबियन, मेक्सिकोचे आखात आणि मध्य अमेरिकेवरील वादळांच्या माथ्यावरून नेण्यात आले. गॅमा किरणांची माहिती तत्काळ जमिनीवर मिळत होती. ढग तेवताना दिसला की वैमानिकाला मागे वळून त्याच ढगावरून पुन्हा जाण्यास सांगता येत होते.

दहा उड्डाणांतून आलेले निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन लेखांत प्रसिद्ध झाले. क्षणिक गॅमा घटनांची संख्या शंभरावर गेली. त्यातील बहुतेक टीजीएफ इतके मंद होते की उपग्रहांना ते दिसलेच नसते. म्हणजे दिवसाला ५० हा जुना अंदाज फारच तोकडा ठरतो. एका प्रणालीत तर गॅमा दीप्ती तासन् तास आणि ९,००० चौरस किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात आढळली. हे क्षेत्र गोवा राज्याच्या जवळपास अडीच पट होते. शिवाय ही दीप्ती स्थिर नव्हती. पातेल्यातले पाणी उकळावे तशी ती ठिकठिकाणी वर-खाली होत होती.

याच मोहिमेत लुकलुकणारे झोतही सापडले. असे २४ झोत नोंदले गेले. आधी साधी दीप्ती दिसते, मग ती वेगाने वाढते आणि तिचे रूपांतर एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांत होते. विशेष म्हणजे या झोतांच्या वेळी विजेच्या प्रकाशाची वा रेडिओ लहरींची खूण आढळली नाही. वीज नसतानाही ढग इतका ‘तापू’ शकतो, हे त्यातून दिसले. यातल्या अनेक झोतांपाठोपाठ विजेच्या हालचाली सुरू झाल्या. त्यामुळे दीप्ती, लुकलुक आणि वीज अशी साखळी असावी, या विचाराला बळ मिळाले.

यानंतर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे व्हिक्टर पास्को आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडले. सुसाट इलेक्ट्रॉनमुळे एक्स-रे तयार होतात, ते मागे जाऊन हवेतील रेणूंमधून नवे इलेक्ट्रॉन उडवतात आणि अगदी छोट्या जागेत लोंढा वेगाने वाढतो, असे त्यात दाखवले आहे. प्रकाश आणि रेडिओ लहरी फारशा नसताना गॅमा झोत कसा येऊ शकतो, याचेही स्पष्टीकरण त्यातून मिळते. हे प्रारूप मान्य झाले, तर वीज पेटण्यामागे वैश्विक किरणांपासून सुरू होणारी साखळी असल्याचे म्हणता येईल. अर्थात, प्रारूप आणि प्रत्यक्ष मोजमाप यांची सांगड अजून सर्व ठिकाणी बसलेली नाही.

ढगात अणुक्रिया होते, हे खरे आहे का?

होय, पण अगदी अल्प प्रमाणात. गॅमा किरण पुरेसे ऊर्जावान असतील तर ते हवेतील नायट्रोजनच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन बाहेर फेकतात. उरतो तो अस्थिर नायट्रोजन-१३. दर दहा मिनिटांत त्याचे प्रमाण निम्मे होत जाते. क्षय होताना तो पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. तो इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नष्ट होतात आणि ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ठरावीक किरण बाहेर पडतात. ही ओळख कुठेही लपत नाही. जपानच्या निगाता प्रांतातील काशिवाझाकी-कारिवा अणुऊर्जा प्रकल्पाजवळ ६ फेब्रुवारी २०१७ रोजी वीज कडाडल्यानंतर सुमारे मिनिटभर हीच खूण मिळाली. तेरुआकी एनोटो यांच्या गटाने ती त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली.

जपानमध्ये हे संशोधन जोरात असण्यामागे भूगोल आहे. जपानच्या समुद्राच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे गडगडाटी ढग खूप खाली असतात. त्यामुळे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. तेथील अणुप्रकल्पांच्या किरणोत्सर्ग मापकांत वादळाच्या वेळी अधूनमधून वाढ दिसे. प्रकल्पात गळती नव्हती, वाढ ढगांमुळे होती.

प्रतिकणांची त्याआधीची मोठी नोंद ‘नासा’च्या फर्मी उपग्रहाची आहे. १४ डिसेंबर २००९ रोजी फर्मी इजिप्तवर होता. वादळ होते सुमारे ४,५०० किलोमीटर दूर झांबियात, म्हणजे क्षितिजापलीकडे. तरीही फर्मीने तेथून आलेले पॉझिट्रॉन टिपले. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत ते उपग्रहापर्यंत पोहोचले होते.

या संशोधनात भारताचे स्थान काय?

यातील एक महत्त्वाचे मोजमाप भारतातील आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था उटी येथे जपानी संस्थांच्या सहकार्याने ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग चालवते. तेथील दुर्बीण वैश्विक किरणांपासून तयार होणारे म्यूऑन हे कण मोजते. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर गडगडाटी ढग असताना म्यूऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. म्यूऑनवर विद्युतभार असतो. त्यामुळे ढगातील विद्युतदाबाचा परिणाम त्यांच्या ऊर्जेवर होतो आणि घट किती झाली यावरून दाब काढता येतो. तो निघाला १.३ अब्ज व्होल्ट, म्हणजे १३० कोटी व्होल्ट. आपल्याकडच्या ७६५ किलोव्होल्टच्या अतिउच्चदाब वाहिनीच्या सुमारे १,७०० पट. त्याआधी फुग्यांच्या साह्याने मोजला गेलेला सर्वाधिक आकडा १३ कोटी व्होल्टचा होता.

फुगा ढगातील एकाच वाटेने जातो, तर म्यूऑन एकाच वेळी पूर्ण ढगाच्या आरपार जातात. म्हणून हा फरक पडला. मार्च २०१९ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ढगात एवढा दाब असेल, तर १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण कुठून येतात, या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्यात मिळते.

१० कोटींपर्यंत पोहोचणाऱ्या गॅमा किरणांचा दावा करणाऱ्या उपग्रहाचेही भारताशी नाते आहे. इटलीचा ‘अजिले’ हा उपग्रह २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘इस्रो’च्या पीएसएलव्ही-सी८ प्रक्षेपकाने सोडला होता. तो विषुववृत्ताजवळून फिरत असल्याने सर्वाधिक गडगडाटी वादळांच्या पट्ट्यावर त्याची सतत नजर राहिली.

सामान्यांना या किरणांचा धोका आहे का?

जमिनीवर असलेल्यांना जवळजवळ नाही. आपल्याकडील उंच ढगांत तयार झालेले गॅमा किरण जमिनीवर येईपर्यंत हवेत शोषले जातात. पाऊस पडताना किरणोत्सर्ग मापकाचा आकडा किंचित वाढतो, पण त्यामागे बहुधा रेडॉन वायूपासून तयार झालेले कण पावसाबरोबर खाली येणे हे कारण असते. ती वाढ निरुपद्रवी असून तास-दोन तासांत ओसरते. संशोधक म्हणूनच ३० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या किरणांवर भर देतात. रेडॉनची मजल तेथवर जात नाही.

विमानांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात आणि टीजीएफही साधारण याच उंचीच्या आसपास तयार होतात. ड्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेनुसार, विमान नेमके इलेक्ट्रॉनच्या झोतातच सापडले तर सर्वांत वाईट परिस्थितीत प्रवाशांना १०० मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा मिळू शकते. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची आहे. मात्र हा प्रत्यक्ष मोजलेला आकडा नव्हे, गणिती कमाल मर्यादा आहे. वैमानिक गडगडाटी ढग टाळूनच जातात आणि झोताचा पट्टा अरुंद असतो. त्यामुळे एखाद्या प्रवाशाच्या वाट्याला तो येण्याची शक्यता फारच कमी आहे. तरीही ढगांतील गॅमा घटना समजल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे ‘अलॉफ्ट’ने दाखवल्यानंतर ही गणना नव्याने तपासण्याची गरज आहे. विशेषतः वर्षानुवर्षे उडणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांसाठी.

यातून विजेचा इशारा मिळू शकेल का?

भारतासाठी खरा कळीचा प्रश्न हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या एकूण मृत्यूंत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. मराठवाडा आणि विदर्भात मान्सूनपूर्व पावसात आणि परतीच्या पावसात शेतात काम करणारे शेतकरी, मजूर आणि गुराखी याचे बळी ठरतात.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप सध्या इशारा देते. देशभरातील संवेदक विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात आणि वीज कुठे पडते आहे हे ठरवतात. यात मूळ अडचण अशी की, इशाऱ्यासाठी आधी कुठेतरी वीज चमकावी लागते. वादळातील पहिली वीज कुठे पडेल, हे सांगणे कठीण आहे.

गॅमा दीप्ती वीज पडण्याच्या आधी दिसते. त्यामुळे तिचा उपयोग पूर्वसूचनेसाठी होईल का, याचा विचार सुरू आहे. कानाझावामध्ये संशोधकांनी नागरिकांच्या मदतीने शहरभर छोटे गॅमा मापक बसवले आहेत. पण हा मार्ग भारतात जसाच्या तसा चालणार नाही. आपले ढग उंच असल्याने त्यांतील दीप्ती मैदानी भागात जमिनीवर पोहोचणे अवघड. शिवाय प्रत्येक दीप्तीनंतर वीज पडतेच असे नाही. उटीसारखी उंच ठिकाणे अभ्यासासाठी उपयोगी ठरू शकतात, पण लातूरच्या शिवारातील माणसाला आज तरी गॅमा मापकाचा आधार मिळणार नाही. त्याच्यासाठी ‘दामिनी’चा इशारा आणि साधा हिशेब हाच उपाय आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. हे अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पुढे काय?

या विषयासाठीच तयार केलेला फ्रान्सचा ‘तारानिस’ उपग्रह नोव्हेंबर २०२० मध्ये प्रक्षेपण अपयशी ठरल्याने नष्ट झाला. ‘अजिले’ फेब्रुवारी २०२४ मध्ये वातावरणात शिरून संपला. त्यामुळे सध्या भिस्त ‘असीम’, फर्मी, विमान मोहिमा आणि जमिनीवरील जाळ्यांवर आहे. एकाच ढगाकडे वरून, खालून आणि रेडिओ लहरींतून एकाच वेळी पाहता आले, तर दीप्तीपासून विजेपर्यंतची साखळी सलग दिसू शकेल.

तोवर काही गोष्टी पक्क्या मानता येतात. गडगडाटी ढग कणांना वेग देणारे नैसर्गिक यंत्र आहेत. टीजीएफ विजेच्या सुरुवातीच्या टप्प्याशी घट्ट जोडलेले आहेत आणि दीप्ती विजेच्या आधी येते. ही दीप्ती विजेला पेटवते, की दोन्ही एकाच तीव्र विद्युतक्षेत्राचे परिणाम आहेत, हे ठरायचे बाकी आहे. त्याच्या उत्तरावर पहिल्या विजेचा इशारा कधी देता येईल का, हेही अवलंबून असेल.